जुनं इलेक्ट्रम, नवं उबुंटू: ऑफलाइन लॅपटॉपवर वॉलेट उघडेना

मंदार_नाशिक (धागाकर्ता)

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

माझं थोडंफार बिटकॉइन ऑफलाइन ठेवलेलं आहे. एक जुना लॅपटॉप, त्यावर उबुंटू १८.०४, वाय-फायचं कार्ड स्क्रू काढून बाहेर, आणि यंत्राला एकच काम: इलेक्ट्रम हे बिटकॉइनचं वॉलेट चालवणं. सही करणाऱ्या चाव्या फक्त तिथे. रोजच्या लॅपटॉपवर त्याच वॉलेटचं नुसतं बघण्यापुरतं रूप, म्हणजे मास्टर पब्लिक की टाकून केलेलं वॉच-ओन्ली वॉलेट. पैसे पाठवायचे झाले की रोजच्या यंत्रावर व्यवहार तयार करायचा, पेन ड्राइव्हने पलीकडे न्यायचा, सही करून परत आणायचा आणि नेटवर्कवर सोडायचा. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी हा सोहळा होतो.

त्या लॅपटॉपने आता मान टाकली. बिजागरी तुटली आणि तिच्यासोबत डिस्प्लेची केबलही गेली. दुरुस्तीला टाकायची हिंमत नाही, कारण डिस्क आतच आहे. म्हणून एक सेकंडहँड थिंकपॅड घेतला, त्यावर उबुंटू २४.०४ बसवलं. बसवताना 'इंटरनेट जोडू नका' हाच पर्याय निवडला. पेन ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रम ४.१.५ ची अ‍ॅपइमेज जपून ठेवलेली होती, ती घेतली आणि डबल क्लिक केलं. काही नाही. ना खिडकी उघडली, ना चुकीचा संदेश. टर्मिनलमधून चालवल्यावर कळलं की 'लिबफ्यूज.एसओ.२' नावाची फाइल त्याला सापडत नाहीये.

ज्यांवरून वॉलेट पुन्हा उभं करता येतं ते बारा शब्द कागदावर सुरक्षित आहेत. नव्या लॅपटॉपवर ते अजून टाकलेले नाहीत.

मोबाइलचा हॉटस्पॉट पाच मिनिटं लावून ती लायब्ररी टाकून घेतली तर काय बिघडतं? की सरळ जुनं उबुंटूच परत बसवू?

(देवनागरीच्या नियमामुळे कमांडही देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये रोमनच, हे सांगायला नकोच.)

गोटीराम

हे दुखणं जुनं आहे. अ‍ॅपइमेज म्हणजे अख्खं सॉफ्टवेअर एका फाइलमध्ये बांधलेलं गाठोडं. ते चालवताना आतली फाइल सिस्टीम तात्पुरती जोडावी लागते आणि त्यासाठी जुन्या अ‍ॅपइमेजना फ्यूज या लिनक्सच्या जोडणी-यंत्रणेची दुसरी पिढी लागते. उबुंटूने २२.०४ पासून तिसरी पिढी ठेवली आणि दुसरी मूळ संचातून काढली. त्यामुळे १८.०४ वर मुकाट्याने चालणारी फाइल २४.०४ वर हूं की चूं करत नाही. दोष इलेक्ट्रमचा नाही.

२४.०४ मध्ये पॅकेजचं नावही बदललंय: 'लिबफ्यूज२टी६४'. शेवटचं टी६४ म्हणजे वेळ मोजायला ६४ बिट. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटांचा सेकंदमोजणी काटा संपतो, त्याच्या तयारीसाठी डेबियन-उबुंटूने शेकडो पॅकेजांची बारशी नव्याने केली. नेटवर सापडणारी २०२२ सालची उत्तरं जुनं नाव सांगतात, म्हणून लोक गोंधळतात.

एक सावधगिरी. घाईघाईत नुसतं 'फ्यूज' नावाचं पॅकेज टाकू नका. ते आलं की 'फ्यूज३' हटवलं जातं आणि त्याच्यावर टेकलेले डेस्कटॉपचे भागही सोबत जातात. अ‍ॅप्ट तशी यादी दाखवतं, पण वाचतो कोण!

सह्यकडा

हॉटस्पॉट???

ऑफलाइन म्हणजे ऑफलाइन. पाच मिनिटं असोत की पाच सेकंद. उबुंटू जोडलं गेलं की त्याचं ते पार्श्वभूमीला अपडेट ओढायला लागतं, स्नॅप स्वतःला ताजं करायला लागतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही. एवढं सगळं करून शेवटी हॉटस्पॉट लावायचा असेल तर पैसे सरळ एक्स्चेंजवर ठेवा. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली तेव्हा खात्यात नुसते आकडे बघत बसलेले लोक आपल्यातही आहेत.

मंदार_नाशिक

@सह्यकडा, अहो चिडू नका, म्हणूनच आधी विचारतोय.

@गोटीराम, धन्यवाद. जुनं नाव टाकून शोधत होतो, म्हणूनच काही जुळत नव्हतं.

उत्तरा_डोंबिवली

सह्यकडांशी तत्त्वतः सहमत, पण इथे एक रेघ ओढायला हवी.

मंदार म्हणतात की बारा शब्द अजून त्या लॅपटॉपवर टाकलेले नाहीत. म्हणजे आत्ता त्या यंत्रात चोरण्यासारखं काहीच नाही. ते उबुंटू इंटरनेटवरूनच उतरवलं होतं, अ‍ॅपइमेजही तिथूनच आली. शब्द टाकण्याआधी यंत्र नेटला लागलं आणि शब्द टाकल्यावर लागलं, या दोन गोष्टी एका पारड्यात टाकू नका. आधी लागलं तर धोका एवढाच की काहीतरी घाण आत येऊन बसेल. ती घाण नंतर शब्द बघू शकेल, पण यंत्र पुन्हा कधीच नेटला लागलं नाही तर तिला बाहेर पडायला पेन ड्राइव्हशिवाय वाट नाही. शब्द टाकल्यावर लागलं तर घाण आत येणं आणि गुपित बाहेर जाणं, दोन्ही एकाच फेरीत उरकतं.

म्हणून माझा नियम असा: यंत्राशी जी काही खटपट करायची ती शब्द टाकण्याआधी. लायब्ररी, प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी कीबोर्ड, हवं ते. वाय-फाय कार्ड काढायचं तेही आधी. मग शब्द. शब्द टाकल्यावर ते यंत्र गोठलं असं समजायचं. तिथून पुढे 'जरा हे एवढंच टाकून घेतो' हे वाक्य घरात निषिद्ध.

आता मुख्य गंमत. तुम्हाला हॉटस्पॉट लागतच नाही. मार्ग दोन.

पहिला: दुसऱ्या मशीनवर उबुंटूच्या पॅकेजांच्या साइटवरून लिबफ्यूज२टी६४ ची डेब फाइल (उबुंटूवर बसवायचं पॅकेज) घ्या, पेन ड्राइव्हने आणा, डीपीकेजीने बसवा. सुदैवाने तिच्या मागे अवलंबनांची वरात नाही.

दुसरा, मला जास्त आवडणारा: फ्यूजला बगलच द्या. अ‍ॅपइमेज चालवताना मागे '--अ‍ॅपइमेज-एक्स्ट्रॅक्ट' लावा. ती स्वतःला 'स्क्वॅशएफएस-रूट' नावाच्या फोल्डरमध्ये उलगडते. आत 'अ‍ॅपरन' नावाची फाइल असते, ती चालवा. पायथन, क्यूटी, सगळं आतच बांधलेलं आहे. सिस्टीममध्ये काहीही बसवावं लागत नाही.

गोटीराम

+१. रेघेचा मुद्दा पटला. आणि ज्यांना कायमचं उलगडून ठेवायचं नाही त्यांच्यासाठी '--अ‍ॅपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन' आहे. तात्पुरतं उलगडतं, चालवतं, आवरून ठेवतं.

मंदार_नाशिक

@उत्तरा, करून बघितलं. उलगडायला लागलं आणि मध्येच 'सिमलिंक तयार करता येत नाही' म्हणून थांबलं. शिवाय फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रोग्रॅम म्हणून चालवा' हे बटण चालू करतो, खिडकी बंद करून परत उघडतो तर बटण बंद. भुताटकी आहे का काय?

उत्तरा_डोंबिवली

तुम्ही पेन ड्राइव्हवरच उलगडताय ना? ती फॅट३२ किंवा एक्सफॅट असणार. त्या फाइल सिस्टीमला 'ही फाइल चालवता येते' अशी खूण ठेवायला जागाच नाही आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण) म्हणजे काय हेही ठाऊक नाही. म्हणून बटण टिकत नाही आणि उलगडणं अडतं. आधी फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी करा. तिथे बटणही टिकेल.

पण थांबा. उलगडण्याआधी फाइलवरची निर्मात्यांची डिजिटल सही तपासलीत का? '--अ‍ॅपइमेज-एक्स्ट्रॅक्ट' म्हणजे झिप उघडल्यासारखं निरुपद्रवी काम नव्हे. ती फाइल प्रत्यक्ष *चालते* आणि मग स्वतःला उलगडते. खोटी अ‍ॅपइमेज असेल तर काम तिथेच तमाम.

पांथस्थ

हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

डिसेंबर २०१८ आठवा. त्या वेळी इलेक्ट्रमचे सर्व्हर वापरणाऱ्याच्या पडद्यावर मजकूर दाखवू शकत होते. चोरांनी स्वतःचे ढीगभर सर्व्हर उभे केले. तुम्ही पैसे पाठवायला गेलात की व्यवहार नाकारायचा आणि वर सभ्य भाषेत संदेश: 'तुमची आवृत्ती जुनी आहे, इथून नवी उतरवा.' दुवा खोट्या इलेक्ट्रमचा. ज्यांनी ते बसवलं त्यांचे पैसे गेले. नंतरच्या आवृत्त्यांत ही फट बुजवली, पण धडा तोच राहतो. सॉफ्टवेअर स्वतः 'मला बदल' म्हणतं तेव्हा दुवा त्याच्याकडून घ्यायचा नाही.

सही तपासायला उबुंटूत जीपीजी हे साधन आधीपासूनच आहे, नेट लागत नाही. तीन गोष्टी पेन ड्राइव्हवर आणा: अ‍ॅपइमेज, तिच्या नावापुढे '.एएससी' असलेली सहीची फाइल आणि इलेक्ट्रमचे निर्माते थॉमस फोग्टलिन यांची सार्वजनिक चावी. चावी आयात करा, मग 'व्हेरिफाय'.

चावीचा फिंगरप्रिंट (तिची ओळख पटवणारी अक्षर-आकड्यांची छोटी खूण) मात्र ज्या साइटवरून चावी घेतली तिथल्याच पानाशी जुळवून समाधान मानू नका. साइटच खोटी असेल तर चावीही त्यांचीच आणि फिंगरप्रिंटही त्यांचाच. दुसऱ्या स्वतंत्र जागी बघा: प्रकल्पाचं कोड भांडार, एखादी जुनी चर्चा, एखाद्या मित्राने काही वर्षांपूर्वी उतरवून ठेवलेली प्रत.

मंदार_नाशिक

होम फोल्डरमध्ये आणलं, सही तपासली. 'गुड सिग्नेचर' आलं, पण खाली ठळक 'वॉर्निंग: ही चावी विश्वासू सहीने प्रमाणित केलेली नाही'. वर आणखी एका सहीबद्दल 'चावी नाही, तपासता येत नाही'. घाबरावं का?

पांथस्थ

नाही. वॉर्निंगचा अर्थ इतकाच, की ही चावी खरंच त्या माणसाची आहे असं तुमच्या संगणकाला तुम्ही कधी सांगितलेलं नाही. ती खात्री तुम्ही फिंगरप्रिंट जुळवून केलीत. आणि इलेक्ट्रमच्या फाइलवर एकापेक्षा जास्त जण सही करतात. तुम्ही एकाचीच चावी आणलीत, म्हणून बाकीच्यांबद्दल तो हात वर करतोय. 'बॅड सिग्नेचर' आलं तर मात्र फाइल तिथल्या तिथे फेकायची, कारण शोधत बसायचं नाही.

क्रिप्टो_मदत_केंद्र

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

संपादक

वरचा प्रतिसाद काढला असून सदस्यत्व रद्द केलं आहे. 'टेलिग्रामवर या, बारा शब्द द्या, वॉलेट चालू करून देतो' असा मजकूर होता. असे व्यक्तिगत निरोप कुणाला आले असतील तर आम्हाला कळवा. बारा शब्द मागणारा माणूस कोणत्याही नावाने आला तरी चोरच.

अजय_विंडोजवाला

अवांतर नाही, विषयाला धरूनच विचारतो. माझ्याकडे लिनक्स नाही. जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० ऑफलाइन आहे, त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ वर जाऊ का?

गोटीराम

कशाला? आधार संपला म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद. ज्या यंत्राला नेटच नाही त्याला त्या दुरुस्त्या तशाही पोचत नव्हत्या. पेन ड्राइव्हमधून येणारा धोका तेवढा राहतो, तो कालही होता.

उलट विंडोज ११ ऑफलाइन कामासाठी गैरसोयीचं आहे. घरगुती आवृत्ती बसवतानाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. ते टाळायच्या पळवाटा कंपनी एकेक करून बुजवत चालली आहे. खातं जोडलं की वनड्राइव्ह तुमचे डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप ढगात चढवायला उत्सुक असतो. बारा शब्दांचा फोटो किंवा टेक्स्ट फाइल तिथे सापडली की संपलं. नवं यंत्र उभारायचंच असेल तर लिनक्स बघा.

शून्य_अंश

उबुंटूच्या भानगडीत पडूच नका. टेल्स ही लिनक्स वापरा. पेन ड्राइव्हवरून बूट होतं, इलेक्ट्रम आतच असतं, सुरुवातीच्या पडद्यावर 'सगळं नेटवर्किंग बंद' असा पर्याय आहे. ना फ्यूज, ना डेब.

उत्तरा_डोंबिवली

टेल्स चांगलंच आहे. पण त्यातलं इलेक्ट्रम डेबियनच्या भांडारातून येतं, त्यामुळे कोणती आवृत्ती मिळेल ते तुमच्या हातात नसतं. आणि पर्सिस्टंट स्टोरेज चालू केलं नसेल तर बंद करताच वॉलेट गायब, दर वेळी बारा शब्द पुन्हा टंकायचे. काहींना तेच हवं असतं. मला शब्दांचा कागद वारंवार कपाटातून काढणं आवडत नाही. घरात पाहुणे, कामवाल्या मावशी, शेजारची मुलं, सगळ्यांचा राबता असतो.

शून्य_अंश

हे मान्य. मी एकटा राहतो, म्हणून सुचलं नाही.

पांथस्थ

मंदार, रोजच्या लॅपटॉपवर इलेक्ट्रम कोणतं आहे? हे विचारायलाच हवं होतं.

मंदार_नाशिक

४.५ च्या मालिकेतलं आहे. का?

पांथस्थ

मग वाचलात. ४.० पासून इलेक्ट्रम अर्धवट सही झालेल्या व्यवहारांसाठी पीएसबीटी हा सर्वमान्य साचा वापरतं. त्याआधीचा स्वतःचा साचा त्यांनी त्याच वेळी सोडून दिला. तुमच्या पेन ड्राइव्हवर ३.३ असती तर वॉलेट उघडलं असतं, पत्ते जुळले असते, आणि सही करायच्या वेळी दोन्ही यंत्रं एकमेकांकडे परक्यासारखी बघत बसली असती. दोन्हीकडे चारच्या पुढचं असलं की बोलणं जमतं.

तरी माझा सल्ला, यंत्र नवं उभारतच आहात तर ४.१.५ ऐवजी आजची आवृत्ती सही तपासून न्या. नव्या रनटाइमने बांधलेल्या अ‍ॅपइमेजना फ्यूज२ लागतही नाही. जुनी फाइलही राहू द्या, ती काही खात नाही.

सह्यकडा

इथे माझा विरोध. चालतंय ते बदलू नका. ऑफलाइन यंत्रावर नवी आवृत्ती नेणं म्हणजे दर वेळी नव्या कोडवर नव्याने विश्वास ठेवणं. आणि नव्या इलेक्ट्रमने वॉलेट फाइल उघडली की तो तिचा साचा वर चढवतो, मग जुन्या इलेक्ट्रममध्ये ती फाइल उघडत नाही. परतीचे दोर कापले जातात.

पांथस्थ

फाइलबद्दल बरोबर, म्हणून आधी तिची प्रत काढावी. पण मंदार यांच्याकडे वॉलेट फाइल नाहीच, ते बारा शब्दांवरून नव्याने उभं करणार आहेत. शब्दांना आवृत्ती चिकटलेली नसते.

उत्तरा_डोंबिवली

जवळजवळ. इलेक्ट्रमचे बारा शब्द दिसायला इतर वॉलेटांसारखेच असतात, पण नियम वेगळा. बीआयपी३९ हा इतरांचा प्रचलित नियम वापरणाऱ्या दुसऱ्या वॉलेटमध्ये टाकले तर बहुधा 'अवैध' म्हणेल. अनेकांचं अशा वेळी पाणी पाणी होतं. इलेक्ट्रमचे शब्द इलेक्ट्रममध्येच टाका आणि कागदावर 'इलेक्ट्रम' असं स्वच्छ लिहून ठेवा. दहा वर्षांनी बायकोला किंवा मुलाला तो कागद सापडला तर त्यांना ते कसं कळणार?

मंदार_नाशिक

नवी आवृत्ती घेतली, सही तपासली, चालू झाली. खाली कोपऱ्यात 'जोडलेले नाही', लाल ठिपका. हवं तेच. आता शब्द टाकायच्या आधी काही?

उत्तरा_डोंबिवली

हो.

वाय-फाय कार्ड काढलंय का? विमान मोड पुरेसा नाही, तो सॉफ्टवेअरचा शब्द आहे. काही थिंकपॅडमध्ये कार्ड बोर्डावरच डकवलेलं असतं, तसं असेल तर बायोसमध्ये वाय-फाय, ब्लूटूथ आणि लॅनचं पोर्ट बंद करा आणि बायोसला पासवर्ड लावा. उबुंटू बसवताना डिस्क एन्क्रिप्शन निवडलं नसेल तर आत्ताच पुन्हा बसवा. अजून काही आत नाही, अर्धा तास जाईल फार तर.

शब्द टाकून वॉलेट झालं की पहिला पत्ता रोजच्या लॅपटॉपवरच्या वॉच-ओन्ली वॉलेटमधल्या पहिल्या पत्त्याशी जुळवा. सुरुवातीची चार अक्षरं नव्हे, पूर्ण. जुळला म्हणजे शब्द बरोबर, वॉलेटचा प्रकार बरोबर. नाही जुळला तर बहुतेक वेळा कारण एकच: शब्दांसोबत जोडीचा पासफ्रेज असतो आणि तो विसरलेला असतो.

न्यू_जर्सीचा_काका

मंडळी, फार उपयुक्त धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली). माझा प्रश्न याच जातीचा पण एक पिढी जुना.

२०१३ मध्ये आर्मरी हे वॉलेट वापरून काही बिटकॉइन ऑफलाइन ठेवले होते. छापील पेपर बॅकअप आहे. तेव्हाचा लॅपटॉप केव्हाच गेला. नव्या उबुंटूवर आर्मरी बसता बसत नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, हे पायथन २ आहे, संपलं ते." कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकतो, पण त्याच्या बोलण्याला दिलासा देण्याची सवय नाही.

गोटीराम

काका, मुलगा बरोबर बोलतोय, पण बिटकॉइन संपलेले नाहीत. :)

आर्मरी म्हणजे एके काळी ऑफलाइन वॉलेटांचा बादशहा. अ‍ॅलन रायनर यांनी सुरू केलं. पुढे मूळ कंपनीने काम थांबवलं आणि गोटपिग या नावाने लिहिणाऱ्या विकसकाने ते एकहाती चालू ठेवलं. अडचण अशी की ते पायथन २ आणि क्यूटी ४ वर उभं आहे. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. उबुंटू २०.०४ मधून क्यूटी ४ काढून टाकलं, २४.०४ मध्ये तर पायथन २ सुद्धा भांडारात नाही. नव्या उबुंटूवर ते ठोकून-ठाकून बसवण्यात आठवडा घालवू नका. उलट जा.

तुम्हाला हवी आहे जुनी उबुंटू, एकदाच, ऑफलाइन. उबुंटूच्या जुन्या आवृत्त्या त्यांच्याच संग्रहात अजून मिळतात. आर्मरीची जी ऑफलाइन बंडलं निघाली होती त्यांच्यात लागणाऱ्या सगळ्या डेब फाइली सोबत असायच्या, पण ठरावीक उबुंटूसाठीच, उदाहरणार्थ १२.०४. बंडल ज्या आवृत्तीसाठी बांधलं, तीच आवृत्ती घ्या. नव्या लॅपटॉपवर १२.०४ बूटच होणार नाही बहुधा, तेव्हा त्या काळातलं एखादं यंत्र मिळवा. जुन्या लिनक्सला वाय-फाय ओळखता आलं नाही तर दुःख करू नका. ;)

न्यू_जर्सीचा_काका

तळघरात माझा जुना डेल आहे. पण मग पुढे? आर्मरीतून पाठवायचं तर ऑनलाइन बाजूलाही आर्मरी आणि अख्खा बिटकॉइन कोअर लागतो ना?

पांथस्थ

लागतो, म्हणून आर्मरीतून पाठवूच नका. तिथून फक्त चाव्या काढायच्या.

पण सगळ्यात आधी कागद नीट बघा. त्यावर 'सिक्युअरप्रिंट' असं छापलंय का? असेल तर छापलेली अक्षरं सांकेतिक आहेत आणि पडद्यावर दिसलेला एक छोटा कोड तुम्हाला हाताने कागदावर लिहायला सांगितलं असणार. तो कोड आहे का, यावर सगळं अवलंबून. नसेल छापलेलं तर प्रश्नच नाही. अक्षरं विचित्र दिसतील, कारण आर्मरी सोळाच अक्षरं वापरतं. प्रत्येक ओळीत तपासणीचा तुकडा असतो, टंकताना चुकलात तर तोच सांगेल.

त्यानंतरचा क्रम मोडू नका. पहिल्यांदा पैसे जिथे जायचेत ते नवं वॉलेट पूर्ण उभं करा, शब्द कागदावर, एकदा पुसून पुन्हा उभं करून बघितलेलं. मग आर्मरी ऑफलाइन चालू करून कागदावरून वॉलेट परत आणा. त्यातून आधी नुसती पत्त्यांची यादी घ्या आणि कोणत्या पत्त्यांवर शिल्लक आहे ते ऑनलाइन बघा, त्याला गुप्त चावी लागत नाही. सगळ्यात शेवटी शिल्लक असलेल्या पत्त्यांच्या गुप्त चाव्या निर्यात करून इलेक्ट्रमच्या 'स्वीप'मध्ये एकदम टाका आणि सगळं नव्या पत्त्यावर ओढा. त्या चाव्या त्या क्षणी ऑनलाइन यंत्रावर येतात हे खरं, पण व्यवहार पक्का झाला की त्यांच्यामागे काहीच उरत नाही. म्हणूनच अर्ध्या आज, अर्ध्या उद्या असं करायचं नाही.

न्यू_जर्सीचा_काका

कागद बघितला. सिक्युअरप्रिंट नाही. चार ओळी आहेत.

पांथस्थ

म्हणजे जुना साचा, मूळ चावी आणि चेन कोड वेगवेगळे छापलेला. नंतरच्या आवृत्त्या दोनच ओळी छापायच्या. परत आणताना 'पेपर बॅकअपचा प्रकार' विचारेल तिथे चार ओळींचा निवडा.

सुमित_पुणे

स्वतःच्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात नेलं तर ३० टक्के कर आणि १ टक्का टीडीएस लागतो का?

संपादक

करविषयक चर्चेसाठी वेगळा धागा आहे, कृपया तिथे विचारा. इथे वॉलेट आणि उबुंटूच राहू द्या.

मंदार_नाशिक

अपडेट: डिस्क एन्क्रिप्शनसह उबुंटू पुन्हा बसवलं, कार्ड काढलं (माझ्या मॉडेलमध्ये सुटं होतं, दोन अँटेनाच्या तारा टेपने गुंडाळून ठेवल्या), इलेक्ट्रम नेलं, शब्द टाकले. पहिला पत्ता जुळला. चिल्लर रकमेचा व्यवहार रोजच्या लॅपटॉपवर तयार केला, पेन ड्राइव्हने नेला, सही केली, परत आणला, नेटवर्कवर गेला. सही करताना ऑफलाइन बाजूला परत येणाऱ्या सुट्या पैशांचा पत्ता वेगळ्या रंगात दिसला, तो आपलाच आहे हेही पटलं.

क्यूआरने न्यायचा प्रयत्न केला होता, पण व्यवहारात बऱ्याच जुन्या आवका एकत्र होत्या, क्यूआरमध्ये मावला नाही. पेन ड्राइव्हच बरा.

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: जुन्या लॅपटॉपच्या डिस्कचं काय करू? एसएसडी आहे. एन्क्रिप्शन नव्हतं, वॉलेट फाइलला पासवर्ड होता.

गोटीराम

भंगारवाल्याला लॅपटॉप देण्याआधी डिस्क काढून घ्या. एसएसडीवर नुसतं पुसून किंवा वरून लिहून भागत नाही. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून ती आतल्या आत जागा बदलत असते, जुनी प्रत कुठल्या तरी कोपऱ्यात राहू शकते. डिस्कच्या स्वतःच्या 'सिक्युअर इरेज' आज्ञेने पुसा. ते जमत नसेल तर खोलून आतल्या काळ्या चिप हातोड्याने फोडा. चकचकीत बाहेरचा डबा नव्हे, चिप.

सह्यकडा

किंवा सगळे पैसे नव्या शब्दांच्या वॉलेटवर हलवा आणि जुने शब्द निकामी करा. मग डिस्क कुणाच्याही हाती लागो. शुल्क एकदाच लागेल, झोप शांत लागेल.

मंदार_नाशिक

@सह्यकडा, हे सुचलंच नव्हतं. शुल्क कमी असेल त्या रविवारी करतो. हातोडाही मारतोच.